उतरत्या भावाचं नवरात्र

ही दुसरी लढाई लागल्यापासून पेट्रोल कुपनावर मिळतं. सर्व्हिस मोटरींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या आहेत आणि तवंदीच्या घाटात गाडी दमली की उतारूच खाली उतरून ढकलतात. आमच्या ओसरीवर नव्या दमाचे दोन-तीन ड्रायव्हर येऊन बसतात आणि ह्यांच्याकडून, म्हणजे माझ्या यजमानांकडून, जुन्या दिवसांच्या गोष्टी ऐकतात. एके काळी पेट्रोलचा भाव आठवड्या-आठवड्याला उतरत होता हे त्यांना खरंच वाटत नाही. परवा त्यांतला एक जण मला म्हणाला, लई मजेचे दिवस असतील ते, काकू. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले. मजेचे दिवस म्हणे.

त्या दिवसांत सगळं बेळगाव एकच प्रश्न विचारत होतं, पेट्रोल अजून उतरणार का. मोटरवाल्यांना ते उतरायला हवं होतं, उतारूंना हवं होतं, वऱ्हाडासाठी मोटर ठरवणाऱ्यांना हवं होतं. ते चढावं म्हणून देवाला हात जोडणारी ह्यांच्याखेरीज सगळ्या गावात मी एकटीच असेन. माझ्या घरात, भाताच्या कोठीच्या खोलीत, पेट्रोलचे तीस डबे होते. भाव चढला की ते घराबाहेर जाणार होते. भाव उतरत राहिला की माझी दोन लेकरं त्या डब्यांच्या भिंतीपलीकडं माजघरात झोपत राहणार होती. इतकी सरळ गोष्ट, पण ती दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती, आणि मी सांगायला गेले की मला भित्री म्हणत. भित्री तर मी होतेच.

माझं माहेर निपाणीचं. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत वाढले, सातवी पास झाले आणि बेळगावला लागून असलेल्या अनगोळात, एका शेतकरी घरात दिले गेले. हे पहिल्या लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेलेले. तिथं लॉरी चालवायला शिकले आणि परत आल्यावर नांगराला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी मोटर घेतली, तिच्यावर लाकडी टप चढवला आणि बेळगाव-निपाणी सर्व्हिस सुरू केली. काकती, यमकनमर्डी, संकेश्वर करत सकाळी जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. लायसन दहा उतारूंचं आणि बसायचे सोळा. मी पहिल्यांदा त्या मोटरीतून माहेरी गेले तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. मी इतकी ताठ बसले होते की दोन दिवस मान दुखत होती.

मोटरीचा तोरा ह्यांनी शिकवला तशी तिची भीतीही ह्यांनीच शिकवली. लग्न नवं होतं. हे अंगणात मोटरीच्या टाकीत पेट्रोल ओतत होते आणि कडुसं पडलेलं म्हणून मी मोठ्या कौतुकानं कंदील घेऊन जवळ निघाले. ह्यांनी असा आवाज काढला की मी जागच्या जागी उभी राहिले. मग कंदील लांब ठेवायला लावून बसऱ्याची एक हकिकत सांगितली. तिथं एका लॉरीखाली डबा गळत होता. बरंच लांब बसून एका शिपायानं बिडी पेटवली, आणि आग जमिनीवरून पळत जाऊन लॉरीला लागली. 'पेट्रोल पेटत न्हाय गं,' हे म्हणाले होते, 'त्येचा वास पेटतोय. वास जिथवर गेला तिथवर आग गेली म्हणून समज.' हे बोलणं मी कधी विसरले नाही. ज्यांनी सांगितलं ते मात्र विसरले.

भाव उतरायला लागला तो दोन तेलकंपन्यांच्या चुरशीनं. कॅम्पाजवळ दांडा फिरवून पेट्रोल काढायचा पंप नवाच बसला होता. त्याच्या शेजारी काळी पाटी, पाटीवर खडूनं भाव. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कंपनीनं पलीकडे आपला पंप बसवला आणि आपली पाटी टांगली. ह्यानं एक आणा उतरवला की त्यानं दीड उतरवायचा. मोटर स्टँडवर सकाळची पहिली चर्चा तीच. पेट्रोल उतरलं म्हणून एकानं निपाणीचं भाडं उतरवलं, मग दुसऱ्यानं त्याच्याहून उतरवलं, तिसऱ्यानं भाड्यावर चहा फुकट दिला. संकेश्वरचे कानडी व्यापारी दोन मोटरींच्या मध्ये उभे राहून सावकाश पान चघळायचे, आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर एकमेकांकडे बघत भाडं खाली आणायचे. हे घरी येऊन ह्या सगळ्याच्या नकला करून दाखवत. पहिले दोन-तीन महिने मीही पोट धरून हसले.

श्रावणात एक दिवस हे घरी आले. जेवताना म्हणाले, आता बुड लागलं. एका कंपनीच्या एजंटानं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की दोघांचाही तोटा व्हायला लागलाय, दसऱ्यापर्यंत भाव चढणार. आणि हे बसऱ्याला राहून आलेले, ह्यांनी लढाईत पेट्रोल तोळ्यानं मोजताना बघितलेलं. स्टँडवरचे बाकीचे सगळे म्हणत होते अजून उतरणार, थांबा. ह्यांना वाटलं, सगळे थांबले असतानाच आपण घ्यावं. दोन वर्षांत जे काही मागे पडलं होतं त्याचे तीस डबे घेतले. घरात एवढा साठा करायला सरकारी मनाई. म्हणून बैलगाडीत पेंढ्याखाली झाकून आणले आणि कोठीच्या खोलीत, भाताच्या कणग्यांच्या मागे, एकावर एक रचून ठेवले. मी दारात उभी राहून ते मोजत होते. सतराव्या डब्यापर्यंत मोजले आणि मग मोजायचं बंद केलं.

आठ दिवसांत भाव आणखी उतरला. पुढच्या आठ दिवसांत परत. आता हे डबे आपल्याच मोटरीत ओतून संपवावेत की नाही? पण नाही. उतरलेल्या भाड्यावर महागाचं पेट्रोल जाळायला ह्यांचं मन घेईना. तेव्हा हे रोज पंपावरचं स्वस्त पेट्रोल घेऊन निपाणी करायचे, आणि महागाचं पेट्रोल माझ्या लेकरांच्या उशाशी जपून ठेवायचे. ह्याला काय म्हणावं ते मला तेव्हाही कळलं नाही. रोज घरात पाऊल टाकताच मी विचारायची, पाटीवर काय लिहिलंय. हे तोंड धुता धुता सांगायचे, उतरलं.

शेतकऱ्याच्या घरात विस्तव किती ठिकाणी असतो हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. चूल मी मागच्या पडवीत नेली. धूर घरात कोंडतो, बाळाच्या डोळ्यांत जातो, असं कारण सांगितलं. पण चूल नेली म्हणजे विस्तव जात नाही. धाकटा चार महिन्यांचा, त्याला न्हाऊ घातल्यावर शेक आणि वावडिंगाची धुरी हवी. सासूबाईंना, मी त्यांना आत्ती म्हणायची, दुपारी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची सवय. त्या निखाऱ्यांचं खापर उचलून सोप्यात आणून बसायच्या, कारण तिथं वारा येतो. संध्याकाळी देवापुढं ऊद. गोठ्यात डासांसाठी शेणकुटाचा धूर. मी आत्तींच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरायची. त्या म्हणायच्या, हिला काय पिसं लागलंय. मुलगी पाच वर्षांची, तिला मी शिकवून ठेवलं होतं की नाकाला गोड गोड वास आला की पळत अंगणात जायचं. ती बिचारी अंगणातल्या पारिजातकाच्या वासानंसुद्धा पळायची.

डब्यांना झाकण शिशानं पक्कं केलेलं असतं, ते गळत नाहीत, असं हे छातीला हात लावून सांगायचे. मग वास कसला येतो, हे मी विचारलं की म्हणायचे, तुझ्या नाकात बसलाय. एकदा मी त्यांनाच त्यांचं बोलणं ऐकवलं, वास जिथवर तिथवर आग. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, दसरा होऊ दे, भाव चढणारच. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की तेही घाबरलेत, फक्त त्यांची भीती पाटीवरच्या आकड्याची आहे. त्या आकड्यापुढं त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

आणि दसरा म्हटला की आधी नवरात्र. इथंच सगळं अडलं.

आमच्या घरात देवीचा घट देव्हाऱ्यात बसत नाही. तो कोठीच्या खोलीत बसतो, धान्यापाशी. पत्रावळीवर शेतातली माती, मातीत पाच धान्यं, मध्ये पाण्यानं भरलेला मातीचा घट, आणि बाजूला समई. ती समई नऊ दिवस विझता कामा नये. रोज कारळ्याच्या पिवळ्या फुलांची एक माळ घटावर सोडायची आणि दिवस माळांनीच मोजायचे, पहिली माळ, दुसरी माळ. गल्लीतल्या बायका वाटीतून तेल घेऊन येतात आणि समईत घालून जातात. पिढ्यान्‌पिढ्या हे त्या एकाच खोलीत चाललेलं. डबे आणताना ह्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं असं नाही. पण तोवर भाव चढेल, डबे जातील, असा हिशेब होता.

घट बसायला चार दिवस उरले तेव्हा मी ह्यांना म्हटलं, डबे विका, जे येईल ते घ्या. हे म्हणाले, आज विकले तर दोन वर्षांची कमाई गेली, आणि उद्या भाव चढला तर स्टँडवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग अंगणात ठेवा म्हटलं. तर उन्हात डबा फुगतो, आणि चार लोकांना दिसलं तर पोलीस येतो. शेतात न्या म्हटलं, तर चोरीला जातात. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढं आवाज चढवला आणि दाराआड आत्ती उभ्या आहेत हे मला दिसलंसुद्धा नाही.

तेव्हा मी आत्तींकडे वळले. एवढ्या वर्षापुरता घट माजघरात बसवू या म्हटलं. त्या सूप बाजूला ठेवून माझ्याकडं बघायला लागल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मला लग्नानंतर सहा-सात वर्षांत घरात कुणी सांगितलं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांमागे प्लेग आला तेव्हा सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहिलं होतं. नवरात्र आलं. घरात जायची बंदी, म्हणून आत्तींनी घट झोपडीतच बसवला. त्यांच्या सासूनं नको म्हटलं होतं, पण आत्तींनी ऐकलं नाही, निदान देवी उपाशी नको म्हणाल्या. नवव्या माळेच्या आधी त्यांचा थोरला मुलगा गेला. आठ वर्षांचा होता.

'येकदा जागा सोडली आणि माझं थोरलं गेलं,' त्या म्हणाल्या. 'आता मी मेल्यावर काय करायचं ते करा.'

प्लेगनं किती घरांतली किती मुलं गेली, त्यांनी काय सगळ्यांनी घट हलवले होते का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मी गिळलं. त्या बाईला काही सांगण्यात अर्थ नव्हता. सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

शेवटी तोडगा ह्यांनी काढला. डबे खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात, घट दाराजवळ. मधे कणग्या. खिडकी दिवसरात्र उघडी. आणि डब्यांवर ओली गोणपाटं, तीन वेळा पाणी मारून ओली ठेवायची, म्हणजे डबे थंड राहतील आणि वास दाबला जाईल. बसऱ्याला असंच करतात म्हणाले. पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता.

घट बसला. आत्तींनी समई लावली तेव्हा मी धाकट्याला छातीशी घट्ट धरून अंगणाच्या पार टोकाला उभी होते, मुलीचा हात माझ्या हातात. ज्योत लागली. काही झालं नाही. आत्तींनी आतून हाक मारली, नमस्काराला ये. गेले. नमस्काराला वाकले ती खालीच बसले, आणि आत्तींना वाटलं सूनबाईच्या अंगात भाव आलाय.

त्यानंतर मी त्या समईपासून हलले नाही. जेवण तिथंच, धाकट्याला पाजणं तिथंच. वात सरकली की सारायची, काजळी झाडायची नाही, चिमटीनं उचलून पाण्यात टाकायची, ज्योत कधी मोठी होऊ द्यायची नाही. आत्ती गल्लीत कौतुक सांगत हिंडत होत्या की आमच्या सुनेसारखी देवीची सेवा कुणाच्या घरात नाही. बायका तेल घालायला यायच्या, माझ्या पाया पडायला वाकायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक जण म्हणाली, तुमच्या देवीला मोटरचा वास येतोय गं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि तिच्या हातातली जळती उदबत्ती काढून घेऊन बाहेर तुळशीत खोचून आले.

तिसऱ्या माळेला भाव उतरला. पाचव्या माळेला परत उतरला. हे आता मला आपणहून सांगत नव्हते, पण मला त्यांच्या जेवणावरून कळायचं. स्टँडवर लोक त्यांना हसायला लागले होते. 'आणखी उतरणार काय रं?' असं एकानं मुद्दाम त्यांनाच विचारलं म्हणे. ते सांगताना त्यांनी हातातला घास ताटातच ठेवला. मला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी इतका राग आला की ताट उचलून फेकावंसं वाटलं. माणूस एका आकड्यासाठी आपलं घर पणाला लावतो आणि वर त्यालाच वाईट वाटतं.

भीती वाढली तसं मी पाणी वाढवलं. तीनदा सांगितलं होतं, मी सहादा मारायला लागले. हंडेच्या हंडे गोणपाटांवर ओतायची. जितकं पाणी जास्त तितकी लेकरं सुरक्षित, असं माझं डोकं चाललं होतं.

सहाव्या माळेची दुपार. हे निपाणीला गेलेले, आत्ती मागच्या परसात फुलं तोडत होत्या. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता आणि माझाही डोळा लागला असावा, कारण मुलीच्या आवाजानं मी दचकले. ती घटापाशी उकिडवी बसून जमिनीकडं बघत होती.

'आई, पाण्यात रंग हाईत बघ,' ती म्हणाली.

कणग्यांच्या मधून पाण्याची एक बारीक रेघ सारवलेल्या जमिनीवरून घटाच्या दिशेनं आली होती. त्या खोलीची जमीन दाराकडं उतरती आहे, हे मी रोज तिथं सारवत असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रेघेवर निळे-जांभळे-पिवळे रंग हळूहळू हलत होते. मुलीनं त्यात बोट बुडवलं आणि माझ्यापुढं धरलं. मी वास घेतला. ओल्या गोणपाटांखाली कुठला तरी डबा गळत होता. किती दिवस ते देव जाणे, आणि माझंच पाणी ते पेट्रोल वाहून दिव्याकडं आणत होतं. रेघेचं टोक समईपासून हातभर अंतरावर होतं.

हलले तर ज्योत हलेल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. धाकट्याला घेऊन आधी पळावं तर मुलगी ज्योतीच्या पलीकडं. तिला हाक मारली तर ती उठताना समईला धक्का लागेल. मी तिला डोळ्यांनीच तिथं बसवून ठेवलं. फुंकर मारायचं धाडस होईना, ज्योत फडफडेल म्हणून. शेवटी डाव्या हातानं बाळाला धरलं, उजवा हात पुढं केला, आणि पाचही वाती एकेक करून चिमटीनं तेलात बुडवून दाबल्या. लाल ठिणगी पूर्ण काळी होईपर्यंत दाबून धरल्या. बोटं भाजली ते मला संध्याकाळी कळलं. मग मुलीच्या दंडाला धरलं आणि दोघांना घेऊन दाराकडं वळले.

दारात आत्ती उभ्या होत्या. ओच्यात कारळ्याची फुलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मी त्यांना ढकलतच बाहेर काढलं. अंगण ओलांडून रस्त्यावर आल्यावर मी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. पेट्रोल, पाणी, रेघ, जे सुचेल ते सांगत होते. आत्तींनी त्यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या आधी मुलीकडं बघत राहिल्या, मग माझ्या मांडीवरच्या धाकट्याकडं.

'ह्यातलं कंचं न्हेणार आता?' त्या अगदी हळू म्हणाल्या.

हे दिवस मावळायच्या आधी आले तेव्हा आम्ही तिघी आणि बाळ रस्त्याकडेच्या दगडावरच बसलेलो. हे आत गेले, लगेच बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. उजेड होता तोवर एकट्यानं तीसही डबे उचलून मोटरीत घातले, त्यांतला एक अर्धा रिकामा होता, आणि गाडी लांब शेताच्या बांधाला नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जो भाव येईल त्याला ते विकून टाकले. पेट्रोल अजून उतरणार की चढणार, हे त्यांनी त्यानंतर कधी कुणाला विचारलं नाही, आणि कुणी विचारलं तर सांगितलं नाही. ते पुढं आणखी दोन-तीन महिने उतरत राहिलं. मग एक दिवस गपकन चढलं.

मला वाटलं होतं, डबे गेले की माझी भीती जाईल. ती नुसती खोली बदलून बसली. आत्तींनी जमीन खरवडून पुन्हा सारवली आणि समई परत लावली. पण विझलेला दिवा तो विझलेलाच. मी शिकलेली बाई, दिव्यानं लेकरू जात नाही हे मला कळत होतं. तरी धाकटा शिंकला की मी त्याच्या कपाळाला हात लावायची, आणि मान वर केली की समोर आत्ती त्याच्याकडंच बघत असायच्या. पौषात त्याला ताप आला. चैत्रात मुलीला गोवर निघाला. नऊ दिवस ती कण्हत होती आणि आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसून, एकमेकींशी बोलत नव्हतो. आत्ती रात्रंदिवस जाग्या. मला त्यांचा तिरस्कार वाटायला लागला. वाटायचं, ही बाई वाट बघतेय, आपलं म्हणणं खरं होण्याची वाट बघतेय. मुलीचा ताप उतरला तरी त्यांची नजर काही हलली नाही.

असं वर्ष गेलं. पुन्हा भाद्रपद संपला. घट बसायच्या दिवशी सकाळी मी कोठीची खोली सारवून ठेवली आणि पत्रावळ घेऊन आत्तींची वाट बघत उभी राहिले. त्या आल्या, माझ्या हातातली पत्रावळ घेतली आणि सरळ माजघरात जाऊन ठेवली. मी मागोमाग गेले. म्हटलं, आत्ती, जागा चुकली. त्यांनी ऐकलं नाही. ओसरीवर खेळणाऱ्या मुलीला हाक मारली, नुकत्याच चालायला लागलेल्या धाकट्याला ओढून जवळ घेतलं, आणि दोघांच्या तोंडावरून, दंडांवरून, पायांवरून हात फिरवत बसल्या, बाजारात घेतलेला नग परत एकदा नीट बघावा तसा.

'तुझ्या हातनं घटाचा दिवा गेला,' त्या म्हणाल्या. 'वरीस झालं. दोघंबी हाईत.'

मी व्हय म्हटलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील देवीनं माफ केलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि सात-आठ वर्षांत मी पहिल्यांदा त्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघितलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की त्या वर्षभर कशाची वाट बघत होत्या.

'मग माझं थोरलं माझ्यामुळं न्हवतं गेलं, न्हाय गं?'

'न्हाय आत्ती,' मी म्हणाले.

त्यांनी ते मला पुन्हा विचारलं. थोड्या वेळानं परत एकदा विचारलं. मी तिन्ही वेळा तेच सांगितलं.